सत्तावीस नंबरची नखी

माझ्या निवृत्तीच्या समारंभात मी उस्तादांविषयी दहा मिनिटं बोललो होतो. ते भाषण लोकांना आवडलं. नंतर चहाच्या वेळी दोन तरुण पोरं येऊन म्हणाली, "सर, असे गुरू आता मिळत नाहीत." मी मान डोलावली. त्या भाषणातून एक दिवस मी गाळला होता. तो गाळला नसता तर मला ते भाषण करताच आलं नसतं.

त्यानंतरही घरात, मित्रांत, नातवंडांसमोर उस्तादांचा विषय निघाला की मी त्या दिवसाच्या अलीकडेच थांबत आलो. आता मला पंच्याहत्तर पुरी होतील. उस्तादांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्या दिवशी चांदमारीवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाला, जे हजर होते, त्यांच्यातलं माझ्या माहितीत कोणी उरलेलं नाही. म्हणजे मी बोललो नाही तर कागदावर आहे तेच खरं राहणार. आणि कागदावर आहे ते मी सांगितलेलं खोटं आहे.

आमचं खातं कुठलं ते लिहीत नाही. गणवेशाची नोकरी होती, हातात रायफल असायची, आणि ठिकाण अलिबागपासून फार लांब नव्हतं, एवढं पुरे.

उस्ताद आमच्याकडे आर्मरर होते. बंदुका द्यायच्या, जमा करून घ्यायच्या, दुरुस्त करायच्या, हे त्यांचं काम. शस्त्रागाराला आम्ही कोत म्हणायचो आणि कोत म्हणजे उस्ताद असं समीकरण होतं. बेताची उंची, मेंदी लावलेली दाढी, आणि गळ्यात काळ्या दोऱ्याला बांधलेलं घड्याळजीचं भिंग. त्यांचं गाव श्रीवर्धनच्या अलीकडे, खाडीच्या काठाला. घराण्यात पूर्वी मालाची गलबतं होती. दोघे भाऊ कुवेतला होते आणि दर सुट्टीला येऊन यांच्या मागे लागत की चल. उस्ताद म्हणायचे, "तिथं वाळू हाय, दर्या हाय, पैसा हाय. पण माझ्या बंदुका न्हायत."

कोतीत शिरताना बूट बाहेर काढावे लागत. साहेबांनाही. आत शीळ घालायची नाही आणि साखर न्यायची नाही. साखर का नाही, हे मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"मुंगी येते."

"मग?"

"मुंगी आली की तेल चाटते. तेल गेलं की खारी हवा बसते. हवा बसली की गंज. गंज बसला की गोळी अडकते. गोळी अडकली की तू मरतोस. म्हणून चहा बिनसाखरेचा. घे."

मी तो कडू चहा जवळजवळ वर्षभर प्यायलो. अजूनही बिनसाखरेचाच पितो. डॉक्टरांना वाटतं त्यांचं ऐकतो.

त्यांच्या खिशात कायम तेल लावलेली फडक्याची पट्टी असायची. बोलता बोलता ते समोर दिसेल ते पुसत. दाराची कडी, खुर्चीचा हात, कुणाच्या पट्ट्याचं बक्कल. एकदा साहेबांची स्कूटर अंगणात उभी होती. साहेब बोलत होते आणि उस्ताद "जी साहेब, जी साहेब" करत स्कूटरचं हँडल पुसत होते. साहेब निघाले तेव्हा त्यांचा हात तेलावरून असा घसरला की स्कूटर सरळ कुंपणात गेली. उस्ताद धावले. साहेबांना उठवायच्या आधी त्यांनी स्कूटर उठवली.

रायफलींना त्यांनी नावं दिली होती. नऊ नंबर म्हणजे बेगम, ती सगळ्यांत नेमकी मारायची. चौदा नंबर म्हातारी. एकतीस नंबर जावई, कारण तिची कितीही बडदास्त ठेवली तरी ती तक्रार करायचीच. सत्तावीस नंबर रुसकी. तिचा बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा दांडा, जड सरकायचा. आणि एवढं सगळं असून उस्तादांनी स्वतः कधी गोळी झाडल्याचं मी पाहिलं नाही. कुणी आग्रह केला तर म्हणत, "मी हकीम हाय बाबा, पैलवान न्हाय."

त्यांच्याकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. त्याला ते कबरस्तान म्हणत. कुठल्याही बंदुकीचा कुठलाही भाग मोडला की मोडका तुकडा त्या डब्यात जाई आणि तुकड्याला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली असे: कुठली बंदूक, काय मोडलं, कशानं मोडलं. ही चिठ्ठी ज्याच्या हातून मोडलं त्याने स्वतःच्या हाताने लिहायची, खाली नाव घालायचं. तुकडा आणि चिठ्ठी मिळाली की उस्ताद नवा भाग बसवून देत आणि विषय संपे. वर जायचा तो कागद ते बिनचूक भरत, पण त्यात कुणाला लटकवल्याचं मला आठवत नाही. "झीज झाली" असं लिहीत. मात्र चिठ्ठीशिवाय तुकडा आणि तुकड्याशिवाय चिठ्ठी त्यांना चालत नसे. "मोडणार," ते म्हणत. "लोखंड हाय, मोडणारच. लपवलेलं मोडकं मात्र दुसऱ्याच्या हातात फुटतं."

हे मला सांगितलेलं होतं. एकदा नव्हे, अनेकदा. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

मी चौलकडच्या वाडीतला. वडील नारळ-सुपारीच्या बागेत दुसऱ्याच्या पगारावर राबत. घरातला पहिला सरकारी नोकर मीच. भरती होऊन दहा महिने झाले होते आणि मी अजून पक्का व्हायचा होतो. त्याच सुमाराला नेमबाजीच्या शिक्षकाचा कोर्स निघाला. आमच्याकडून एकच जण जायचा. साहेबांनी रांगेत उभं करून सांगितलं होतं की वर्षभरात ज्याच्या हातून हत्याराला इजा झाली असेल त्याचं नाव मी पाठवणार नाही. माझं नाव उस्तादांनी सुचवलं होतं. संध्याकाळी कोतीत बसवून त्यांनी मला बोल्ट उघडायला, साफ करायला, डोळे मिटून जोडायला शिकवलं होतं. सरावासाठी पाच खोट्या, बिनदारूच्या गोळ्याही दिल्या होत्या. त्या दुसऱ्या कुणाला मिळाल्या नव्हत्या. पोरं मला उस्तादांचा धाकटा जावई म्हणून चिडवत.

आमच्या रायफलींच्या बोल्टच्या तोंडाशी एक छोटा आकडा असायचा. गोळी सुटल्यावर रिकामी पुंगळी धरून बाहेर ओढायचं काम त्याचं. त्याला इंग्रजी नाव आहे, पण उस्ताद त्याला नखी म्हणत. नखीचा एकच नियम: गोळी मॅगझिनमधून, खालून वर येऊ द्यायची. एक एक गोळी वरून आत टाकून बोल्ट ढकलला तर नखीवर जोर येतो आणि ती मोडते. पण वरून टाकलं की हात लवकर चालतो, सरावाला बरं पडतं. सगळे चोरून करत. मीही.

चांदमारीच्या आदल्या दिवशी दुपारी मी गार्डवर होतो. हातात सत्तावीस नंबर होती. कुणी नव्हतं. मी खोटी गोळी वरून टाकली आणि बोल्ट हाणला. रुसकीचा बोल्ट जड, म्हणून जरा जास्तच जोराने हाणला. कट् असा बारीक आवाज आला. बोल्ट ओढला तर गोळी आतच राहिली आणि तांदळाच्या दोन दाण्यांएवढा तुकडा माझ्या बुटावर पडला.

मी नळीत गज घालून गोळी काढली. तुकडा खिशात टाकला.

रमजान चालू होता. संध्याकाळी मी रायफल जमा करायला गेलो तेव्हा उस्ताद रोजा सोडायला निघाले होते. एका हातात खजुरांची पुडी, दुसऱ्या हातात कोतीची चावी. एरवी प्रत्येक हत्यार ते स्वतः घेत, बोल्ट मागेपुढे करत, नळीचा वास घेत, मग रजिस्टर पुढे करत. त्या दिवशी माझ्याकडे बघून म्हणाले, "तू हायस व्हय? मग ठेव आत. तुझं हत्यार काय बघायचं."

मी सही केली आणि सत्तावीस नंबर तिच्या जागी ठेवली. तोंड उघडायला तेवढा वेळ पुरेसा होता. बांगेचा आवाज आला. ते निघून गेले.

रात्रभर मी एक बेत पक्का केला. सकाळी चांदमारीवर सत्तावीस नंबर आपणच घ्यायची. पहिली गोळी झाडली की पुंगळी अडकेल. मग नखी आत्ता मोडली असं दाखवायचं, तुकडा वाळूत टाकायचा आणि सापडला म्हणायचं. चांदमारीवर मोडलं तर ते झिजेत जातं, कुणाचा दोष नाही. मला तो बेत इतका आवडला की झोप लागली.

सकाळी वाटप सुरू झालं. मी रांगेत पुढे सरकलो. उस्तादांनी मला पाहिलं, मागे वळले आणि नऊ नंबर काढून माझ्या हातात दिली.

"आज बेगम तुझी. साहेब बघणार हायत. माझी लाज राख."

"उस्ताद, मला सत्तावीस चालेल."

"रुसकी? खुळा झालास काय? चल, पुढं हो."

सत्तावीस नंबर माझ्या मागे उभ्या असलेल्या दोस्ताला मिळाली. माझ्या शेजारच्या खाटेवर झोपणारा, रेवसकडच्या मिठागरवाल्यांच्या घरातला, सदा हसरा माणूस. तो म्हणाला, "चला, आज मना रुसकी. घरची पन रुसलेलीच हाय."

आमची चांदमारी किनाऱ्यालगतच्या एका ओसाड पट्ट्यावर होत असे. एका अंगाला सुरूची झाडं, समोर टेकडीचा उतार, त्यात नेमाच्या पाट्या. पट्टा इतका सखल की भरती चढली की गोळी झाडायच्या जागेपर्यंत पाणी येई. म्हणून तारीख नेहमी अष्टमीच्या आसपास धरत, तेव्हा भरती फार वर चढत नाही. कोळीवाड्याला आदल्या दिवशी सांगून ठेवत आणि सुरूच्या शेंड्याला लाल निशाण लावत.

सहा सहा जणांची तुकडी पालथी पडायची. मी आणि दोस्त एकाच तुकडीत, तो माझ्या उजवीकडे. मी पाचही गोळ्या नेमक्या मारल्या असं नंतर कळलं. मला काहीच आठवत नाही. माझा कान उजवीकडे होता.

"उस्ताद!" दोस्त ओरडला. "ही बया पुंगळी सोडत न्हाय!"

"माहेरी पाठव!" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

उस्ताद आले, गुडघ्यावर बसले, बोल्ट काढला. तोंडाशी बोट फिरवलं. मग उठून उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "सगळ्यांनी हत्यारं खाली ठेवा. कुणी हलायचं न्हाय. नखी मोडली. तुकडा पायजे."

साहेब छत्रीखालून आले. "एक रायफल बाजूला ठेवा आणि पुढे चला. दुपारच्या आत तीन तुकड्या व्हायच्यात."

"तुकडा मिळंपर्यंत न्हाय, साहेब. वाळूत पडला असंल. उद्या दुसऱ्या कुणाच्या बोल्टात शिरला तर तोंडावर उडंल."

साहेब चिडले, पण चांदमारीवर या बाबतीत आर्मररचा शब्द शेवटचा असे. आम्ही हाताने वाळू चाळायला लागलो. ते जमेना, म्हणून एकाला पळवलं. कडेला एक म्हातारी कोळीण जवळा वाळत घालत होती, तिच्याकडून दोन चाळण्या आणल्या. चाळण्यांच्या मागोमाग म्हातारीही आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बंदुका मारायला आले नि वालू चालतान! भाकऱ्या करतंव काय तिच्या?"

हसू आवरत नव्हतं कुणाला. एक चाळणी माझ्या हातात आली होती. उस्ताद माझ्या समोर उकिडवे बसून ओंजळीने वाळू टाकत होते. ऊन चढलं होतं, त्यांच्या ओठांवर कोरडी साल आली होती, आणि रोज्यामुळे ते पाण्याच्या कळशीकडे पाहतही नव्हते. मी डावा हात खिशात घातला. तुकडा दोन बोटांत धरला. हात बाहेर काढला. चाळणीत टाकायचा आणि "सापडला" म्हणायचं, इतकंच उरलं होतं.

तेवढ्यात ते थांबले. त्यांनी बोल्ट पुन्हा उचलला, गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं आणि मोडलेल्या नखीचा उरलेला बुंधा उन्हात धरून बराच वेळ बघितला. मग भिंग खाली सोडलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. कुणाकडेच पाहिलं नाही.

"थांबा," ते म्हणाले. "चाळू नका. तुकडा इथं न्हाय."

"कशावरून?" साहेबांनी विचारलं.

"आत्ता मोडलेलं लोखंड चांदीसारखं दिसतं, साहेब. या हवेत एक रात्र गेली की तांबूस पडतं. हे तांबूस हाय. हे कालच मोडलंय. माझ्या कोतीतनंच असं आलंय."

मी मूठ मिटली आणि हात पुन्हा खिशात घातला.

दोस्त माझ्या शेजारी होता. तो सुटकेचा श्वास टाकून म्हणाला, "वाचलो रं. मना वाटलं माझ्याच डोक्यावर येतंय." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात कसा ठेवला गेला, मला अजून समजत नाही.

चौकशी तिसऱ्या दिवशी झाली. साहेबांची खोली, टेबलावर कोतीचं रजिस्टर. भिंतीला लागून उस्ताद उभे. मला आत बोलावलं. आदल्या संध्याकाळी सत्तावीस नंबर मी जमा केली होती, सही माझी होती.

"जमा केलीस तेव्हा रायफल ठीक होती?"

"होय साहेब."

"आर्मररने तपासून घेतली?"

इथे मला गप्प बसता आलं असतं. "आठवत नाही" म्हणता आलं असतं. खरं सांगता आलं असतं, आणि त्यांनी मला वाचवायलाही काही केलं असतं, हे मला आज पक्कं वाटतं. मी म्हणालो, "होय साहेब. बोल्ट मागेपुढे करून, नीट बघून घेतली."

साहेब उस्तादांकडे वळले. "मग कोतीत आल्यावर मोडली. चावी तुमच्याकडे. काय म्हणणं आहे?"

उस्ताद खाली मान घालून उभे होते. दहा वर्षांपूर्वी कुठल्या बंदुकीचा कुठला स्क्रू बदलला ते तारखेसह सांगणारा माणूस. ते म्हणाले, "मला आठवत न्हाय, साहेब."

"आठवत नाही म्हणजे?"

"हा म्हणतो तर तसंच असंल."

निकाल लागायला वेळ लागला नाही. मोडलं म्हणून नव्हे, तर मोडलेलं हत्यार न सांगता चांदमारीवर दिलं म्हणून ठपका ठेवला. बावीस वर्षांची कोत त्यांच्याकडून काढून घेतली आणि त्यांना फाटकावर बसवलं. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. नवा आर्मरर आला तेव्हा उस्तादांनी त्याला प्रत्येक रायफल हातात देऊन ओळख करून दिली. मी बाहेर बूट घालून उभा होतो. आतून त्यांचा आवाज येत होता, "ही म्हातारी. हिला थंडीत जास्त तेल नको. हा जावई." नवा माणूस हसत होता. कबरस्तानाचा डबा त्याने भंगारात काढला.

फाटकावर ते दोन वर्षं बसले. त्यांच्या हाताला काम नव्हतं, म्हणून ते फाटकाच्या बिजागऱ्यांना तेल घालत. ते फाटक इतकं बिनआवाज उघडायचं की साहेबांची गाडी आत आलेली कुणाला कळत नसे आणि पोरं पत्ते खेळताना पकडली जात. पोरं त्यांना शिव्या द्यायची. पूर्वी त्यांच्यासमोर बूट काढणारी तीच पोरं आता "ओ चाचा, नंबर लिहिला का?" असं ओरडत जायची. उस्ताद लिहीत. अक्षर चांगलं होतं.

मी त्या फाटकातून दिवसातून चारदा जायचो. ते मला पूर्वीसारखंच विचारत, "सराव चालू हाय ना?" त्यांच्या आवाजात कुठे टोचणी असेल म्हणून मी कान देऊन ऐकायचो. नसायची. असती तर बरं झालं असतं.

कोर्सला माझं नाव आलं. निघायच्या दिवशी ट्रंक घेऊन फाटकाशी आलो. उस्तादांनी वहीत वेळ लिहिली, टोपण लावलं, आणि वहीकडेच बघत म्हणाले, "तिथं मोठे मोठे उस्ताद असतील. चांगलं शिक. फक्त एक कर. वरनं गोळी टाकू नको."

हे वाक्य त्यांनी शेकडो पोरांना सांगितलं असेल. पण बुंधा तांबूस होता, रजिस्टरवर सही माझी होती आणि त्या संध्याकाळी आपण तपासलं नव्हतं हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. मी "होय उस्ताद" म्हणालो. रेवसला जाऊन लाँच धरली आणि भर पाण्यात तो तुकडा टाकून दिला. वाटलं, हलकं वाटेल.

पुढे मी नेमबाजीचा शिक्षक झालो. तीस वर्षं तेच केलं. हजारो पोरांना सांगितलं की गोळी वरून टाकायची नाही, नखी मोडते. कुणाच्या हातून काही मोडलं तर मी फार कडक वागायचो. उस्तादांसारखी सवलत मी कुणाला दिली नाही. लोक म्हणत, सर तत्त्वाचे आहेत.

निवृत्तीनंतरच्या पावसाळ्यात, त्या भाषणानंतर, मला झोप लागेनाशी झाली. बायकोला वाटलं रिकामपणामुळे. मी ठरवलं की जायचं आणि सांगायचं. वाक्य तयार केलं होतं, छोटं. खाडी ओलांडून त्यांच्या गावी गेलो. घर शोधावं लागलं नाही, पहिल्याच माणसाने दाखवलं: मशिदीपुढच्या वळणावरचं नवं, फरशीचं, मुलाने बांधलेलं. मुलगा आखातातून सुट्टीवर आला होता. मी नाव सांगताच त्याने माझे दोन्ही हात धरले.

"तुम्हीच व्हय ते? अब्बा सारखं तुमचं नाव काढतात. सगळ्यांना सांगतात, माझा एक शागिर्द मोठा साहेब झाला."

पडवीत खुर्चीवर उस्ताद बसले होते. दाढी आता पांढरी, मेंदी नाही. मला पाहून चेहरा उजळला. ओळखलं. मी पाया पडलो, त्यांनी डोक्यावर हात ठेवला. घरात कुणाची तरी सोयरीक ठरली होती, म्हणून पाहुणे होते, बायका आत तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या, शेजारी आले होते. मी त्यांच्या पायाशी स्टूल ओढून बसलो. जरा वेळाने, कुणाचं लक्ष नाही असं पाहून, हळू आवाजात म्हणालो, "उस्ताद, सत्तावीस नंबरची नखी मी मोडली होती. माझ्या खिशात होती. मी खोटं बोललो. मला माफ करा."

ते माझ्याकडे बघून हसत होते. मग कानामागे हात धरून पुढे झुकले.

"काय?"

"अब्बांना ऐकू येत न्हाय," मुलगा म्हणाला. "कान पार गेलेत. जोरात बोला."

मी जरा आवाज चढवला. "उस्ताद, ती नखी..."

"काय रे? मोठ्यानं बोल!"

पडवीतली बोलणी थांबली. शेजारी माझ्याकडे बघायला लागले. आतून एक बाई हाताला पीठ लागलेली तशीच दारात आली. त्या सगळ्यांनी माझ्याविषयी इतकी वर्षं चांगलंच ऐकलेलं होतं.

मुलाला माझी अडचण दिसली. तो उठून बापाच्या कानाशी वाकला आणि मला म्हणाला, "माझा आवाज त्यांना कळतो. तुम्ही मला सांगा, मी सांगतो त्यांना. काय म्हणत होता?"

सगळे वाट बघत होते. उस्तादही, हात तसाच कानामागे धरून.

मी म्हणालो, "काही नाही. तब्येत कशी आहे, एवढंच विचारतोय."

मुलाने ते त्यांच्या कानात ओरडून सांगितलं. उस्तादांनी हात खाली घेतला. माझ्याकडे पाहत राहिले.

"चांगली हाय," ते म्हणाले. मग म्हणाले, "एवढ्या लांबनं हेच विचारायला आलास?"

मी मान हलवून हो म्हटलं.